मुंबईत वाजलेलं लेड झेपेलिन

नाशिकच्या इंदिरानगरात असो वा आणखी कुठे, जुन्या रॉकचा चाहता लेड झेपेलिनच्या ‘काश्मीर’मधल्या तंतुवाद्यांवर भरभरून बोलू लागला की त्याला एकच विचारावं: मुंबईतलं ‘फ्रेंड्स’ ऐकलंय का?

1972 साली या बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपलीच दोन गाणी त्यांनी इथल्या वादकांना घेऊन नव्यानं ध्वनिमुद्रित केली. वादकांची धुरा होती बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांच्याकडे. त्यातलं ‘फोर स्टिक्स’ भलतंच अवघड. पाच आणि सहा मात्रांचे तुकडे त्यात आलटून पालटून येतात. मूळ गाण्यात बँडचा ड्रमवादक जॉन बॉनहॅमनं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ड्रम वाजवला, त्यावरूनच गाण्याचं नाव पडलं. मुंबईत बॉनहॅम नव्हता. तो भार तबल्यानं पेलला.

असं काम या शहराला नवं नव्हतं. चारच वर्षांपूर्वी, जानेवारी 1968 मध्ये, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत मुद्रित केलं होतं. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चं वादनही तिथलंच.

पण मुंबईच्या तंतुवाद्यांची खरी शाळा गोव्यात होती. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. हीच पोरं पुढे पोटासाठी मुंबईला येत, धोबीतलाव परिसरातल्या ‘कुडां’त, म्हणजे गोव्यातल्या गावांच्या सामायिक वसतिगृहांत, राहत आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत. हिंदी चित्रपटसंगीतातला व्हायोलिनांचा भरदार ताफा यांच्या जिवावर उभा राहिला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले अग्रणी. संगीतकार प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. गोन्साल्विस यांनी 1958 साली मुंबईत भारतीय वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभारला आणि राग व सिंफनी यांची सांगड घातली. ‘मूडी ब्लूज’ या रॉक बँडचा वाद्यवृंदासह केलेला गाजलेला अल्बम त्यानंतर नऊ वर्षांनी, 1967 मध्ये आला, ‘डीप पर्पल’ची रॉयल अल्बर्ट हॉलमधली वाद्यवृंदाबरोबरची मैफल 1969 ची. रॉक आणि वाद्यवृंद यांच्या इतिहासात गोन्साल्विस यांचं नाव यायलाच हवं.

मुंबईच्या त्या दोन मुद्रणांचं पुढे काय झालं? ती अधिकृतपणे बाहेर आलीच नाहीत. चोरून काढलेल्या प्रती मात्र जगभरच्या चाहत्यांत हातोहात फिरल्या. खरखरीतून का होईना, लोकांनी ती जपली. पेज आणि प्लँट यांच्याही मनातून ती कल्पना गेली नसावी. 1994 च्या ‘नो क्वार्टर’मध्ये ‘फ्रेंड्स’, ‘फोर स्टिक्स’ आणि ‘काश्मीर’ ही तिन्ही गाणी त्यांनी पुन्हा घेतली, या खेपेला इजिप्शियन वादक आणि पाश्चात्त्य तंतुवाद्यं घेऊन. मुंबईचा मूळ ऐवज अखेर 2015 साली ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत आला. गाण्यांच्या नावापुढे वादकांची ओळख म्हणून दोनच शब्द छापले होते: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.

त्या काळच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवरही वादकांची नावं क्वचितच छापली जात. म्हणून ज्यांच्या घरात, शेजारात असा एखादा जुना स्टुडिओवादक आजही आहे, त्यांनी त्याच्या आठवणी, तारखा आणि सोबत्यांची नावं आत्ताच लिहून घ्यावीत.