मुद्दुपलनीची प्रस्तावना

तंजावरच्या मराठी राज्याची आठवण निघाली की आमच्या नात्यागोत्यात सरफोजीराजांचं नाव पहिलं येतं. सरस्वती महाल ग्रंथालयातली हस्तलिखितं, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास, हे सगळं मी चेन्नईत मैलापूरला वाढताना इतक्यांदा ऐकलं की पाठच झालं. मुद्दुपलनीचं नाव मात्र घरात कुणी काढलं नाही. सरफोजींना दत्तक घेणाऱ्या तुळजाराजांचे वडील प्रतापसिंह. १७३९ ते १७६३ अशी त्यांची कारकीर्द. त्यांच्या दरबारातली ही देवदासी कवयित्री. राजा मराठी, मुलूख तमिळ आणि तिने काव्य लिहिलं तेलुगूत: ‘राधिका सांत्वनमु’. तेव्हाच्या तंजावरात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

काव्याच्या प्रस्तावनेत मुद्दुपलनी स्वतःची ओळख करून देते. आजीचं, तंजनायकीचं नाव घेते, आपल्या घरातल्या बायकांची परंपरा सांगते. कवी आपल्या वंशाची ओळख द्यायचे, तशी तिने दिली. फक्त तिचा वंश बायकांकडून चालत आलेला होता. १८८७ मध्ये वेंकटनरसु या संपादकाने हे काव्य छापलं, तेव्हा नेमकी ही ओळख गाळली. शृंगाराच्या काही कविताही गाळल्या. पण मला जास्त लागतं ते ओळख गाळण्याचं. काव्य राहू दिलं आणि ते कुणाच्या पोटी जन्मलेल्या बाईचं आहे, तेवढं पुसलं.

ते परत आणलं बंगळूर नागरत्नम्मांनी. त्याही देवदासी घरातल्या, मोठ्या गायिका, मद्रासला स्थायिक झालेल्या. छापील प्रत वाचून त्यांना ती अपुरी वाटली. त्यांनी हस्तलिखित मिळवलं, दोन्ही ताडून पाहिली आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनाकडून पूर्ण काव्य छापून घेतलं, मुद्दुपलनीच्या आजीसकट. कंदुकूरी वीरेशलिंगम हे विधवाविवाहासाठी झटलेले थोर सुधारक. त्यांनीसुद्धा बाईने असं लिहावं याची लाज वाटते, असा सूर लावला होता. नागरत्नम्मांनी त्यांना उलट विचारलं की लाज काय फक्त बायकांनाच लागू आहे? पुरुष कवींनी याहून उघडा शृंगार लिहिला, तो चालतो कसा? पुढे पोलिसांनी प्रती जप्त केल्या आणि सरकारने पुस्तकावर बंदी घातली. टी. प्रकाशम् मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री झाले तेव्हा, म्हणजे स्वातंत्र्याच्या अगदी तोंडावर, ती उठली.

तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी मोडकळीला आली होती. तीही नागरत्नम्मांनीच स्वतःच्या मिळकतीतून बांधून काढली. त्यागराजांच्या स्मृतीसाठी तिथे होणाऱ्या आराधनेत मात्र बायकांना गायची मुभा नव्हती. तेव्हा १९२७ पासून त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या आसपास आराधना करणारे पुरुषांचे आणि बायकांचे गट एक झाले.

हा इतिहास मी सांगते तो मुलांना. माझ्याकडे काही शनिवारी संध्याकाळी कॉलेजातली आणि नुकती नोकरीला लागलेली दहाबारा मुलं-मुली येतात. काही आमच्यासारखी तंजावर मराठी, दोघं सौकारपेठेतल्या गलाई घरांतली, बाकीची तमिळ, तेलुगू. गलाईवाले म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे लोक. सांगलीच्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघून देशभरच्या सराफ बाजारांत ते पसरले आहेत. इथे जन्मलेला त्यांचा एक मुलगा अस्खलित तमिळ बोलतो, तरी शाळेत त्याला ‘सेठ’च म्हणायचे. गावाकडे विट्याला गेला की भाऊबंद मद्रासी म्हणून चिडवतात. आमच्यातल्या एका मुलीला पुण्यात घर बघताना तिचं मराठी ऐकून घरमालकीणबाईंनी विचारलं, ‘तुमच्यात मराठी कोण शिकवतं?’ तिच्या घरात ते साडेतीनशे वर्षं बोललं जातंय.

असे अनुभव नुसते सांगायला लावले की मुलं एक तर हसण्यावारी नेतात, नाही तर गप्प बसतात. म्हणून मी त्यांना हरिकथेची चौकट दिली. तीही मराठ्यांच्या मागोमागच तंजावरला आलेली. समर्थ रामदासांच्या शिष्यांनी तंजावर, मन्नारगुडीला मठ घातले, कीर्तनकार येत राहिले. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग घेतले, त्यांना कर्नाटक संगीताची जोड दिली आणि तमिळ हरिकथा उभी केली. मद्रासच्या सभांमधून ती गाजली. तिथेही सी. सरस्वतीबाई कथेला उभ्या राहिल्या तेव्हा पुरुष कलावंतांनी विरोध केलाच. त्या मागे हटल्या नाहीत.

कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतो: आधी निरूपण, मग आख्यान. मुलांनी पूर्वरंगात लोक आपल्याबद्दल काय म्हणतात ते मांडायचं, कसलीही सारवासारव न करता. उत्तररंगात आपल्या घरातल्या एका माणसाचं आख्यान लावायचं, हवी ती भाषा, हव्या तितक्या भाषा वापरून. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही. चिपळ्या मात्र कुणीही वाजवाव्यात. गलाईवाल्या मुलाने आजोबांचं आख्यान केलं: आटपाडीतला कोरडा मृग, मद्रासचं तिकीट, भट्टीजवळ भाजलेला हात. आख्यान संपल्यावर तमिळ मुलांनी त्याला लगेच प्रश्न विचारले. कुठून आलास, हा प्रश्न मात्र त्यात नव्हता.

अवघड भाग वेगळाच आहे. आमच्या तंजावर मराठी मुलांच्या पूर्वरंगात सगळा अन्याय इतरांनी आमच्यावर केलेला असतो. आमच्या स्वयंपाकघरात कुणाचा पेला वेगळा ठेवला जायचा, हे कुणी काढत नाही. राजाच्या दरबाराची आठवण जपणाऱ्यांनी मुद्दुपलनीला का गाळलं, हा प्रश्न मी आता त्यांच्यापुढे ठेवते. त्यावर खोलीत भांडणं झाली, आवाज चढले, एक मुलगा पुढच्या वेळी आला नाही. दोन आठवड्यांनी आला.

पुण्याला घर शोधणारी ती मुलगी आता मुद्दुपलनीचं आख्यान बसवते आहे. पूर्वरंग तमिळमध्ये, साकी-दिंडी आमच्या घरच्या मराठीत, प्रस्तावना तेलुगूत; त्यासाठी ती शेजारच्या तेलुगू मावशींकडे उच्चार शिकायला जाते. तिच्या काकांनी मला फोन करून विचारलं, इतक्या चांगल्या घरातल्या मुलीला हाच विषय कशाला? मी म्हटलं, अण्णा, आख्यान रविवारी पाच वाजता आहे, तुम्ही या, पुढच्याच रांगेत बसा.