कमी क्रमांकाच्या स्प्रिंगफील्ड रायफली : दुरुस्ती की निवृत्ती?

अमेरिकन सैन्याने १९०३ साली स्वीकारलेली ०·३० व्यासाची स्प्रिंगफील्ड रायफल मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड व इलिनॉयमधील रॉक आयलंड या दोन सरकारी कारखान्यांत तयार होत असे. त्यांपैकी पहिल्या कारखान्याच्या ८,००,००० पेक्षा कमी व दुसऱ्याच्या २,८५,५०७ पेक्षा कमी अनुक्रमांकाच्या रायफली पुढे संशयास्पद ठरल्या. हे शस्त्र केवळ सैनिकांचे राहिले नव्हते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेतील शिकारीसाठी नेलेल्या बंदुकांत आपल्या सोयीनुसार दस्ता बसवून घेतलेली एक स्प्रिंगफील्ड होती. निर्मितीकाल पाहता ती याच कमी क्रमांकांपैकी होय. पुढे सरकारी विक्रीतून अशा अनेक रायफली नागरिकांकडे गेल्या आणि नवा दस्ता लावून शिकारीस वापरल्या गेल्या. त्यामुळे लष्कराने टाळलेला एक निर्णय खाजगी मालकांच्या माथी आला.

दोष होता तो रिसीव्हरमध्ये, म्हणजे ज्या पोलादी भागात नळी आट्यांनी बसते व बोल्ट सरकतो त्या भागात. १९१७ साली काही रायफली फुटल्यावर चौकशी झाली. तीत असे आढळले की, घडाईच्या वेळी पोलाद किती तापले हे कारागीर केवळ त्याच्या रंगावरून ठरवीत. लख्ख उन्हात तप्त पोलाद फिके दिसते आणि ढगाळ दिवशी तेच अधिक तेजस्वी भासते. त्यामुळे तापमानात ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडत असे. या कारागिरांची थट्टा करण्याचे कारण नाही. शतकानुशतके जगातील उत्तमोत्तम पात्यांना पाणी दिले गेले ते याच नजरेच्या भरवशावर. कारखान्यात तापमापक बसविण्यात आले आणि १९१८ मध्ये दुहेरी उष्णसंस्काराची पद्धत सुरू झाली. तोवर मात्र सुमारे दहा लाख रिसीव्हर बाहेर पडले होते.

मग जुने रिसीव्हर पुन्हा तापवून सुधारता आले नसते काय? प्रयोग झाले, पण फल समाधानकारक आले नाही. भरड झालेले कण पुन्हा बारीक करता येतात, परंतु पोलाद अतितापाने जळून त्याच्या कणांच्या सीमांवर ऑक्सिडीकरण झाले असेल, तर कोणताही उष्णसंस्कार ते पूर्ववत करू शकत नाही. त्यातच या रायफलीच्या रचनेत काडतुसाच्या मागील भागाला पूर्ण आधार मिळत नाही. पितळ नरम असले की ते फाटते व दाबाखालील वायू रिसीव्हरवर आदळतो. चांगले पोलाद अशा वेळी वाकते किंवा फुगते. ठिसूळ पोलादाच्या ठिकऱ्या उडतात. याहून अडचणीची गोष्ट अशी की, प्रत्येक रायफल कारखान्यातच अधिक दाबाच्या काडतुसाने पारखलेली होती. जे फुटले तेही त्या परीक्षेत उत्तीर्णच झालेले होते!

१९२७ मध्ये नेमलेल्या मंडळाने या सर्व रायफली सेवेतून काढून घ्याव्यात अशी शिफारस केली. १९२८ साली जनरल सॅम्युएल हॉफ यांनी मधला मार्ग सुचविला : सैनिकांच्या हाती असलेल्या रायफली परत मागवू नयेत, कोठारातील देऊ नयेत, युद्धासाठी राखून ठेवाव्यात, आणि जी रायफल दुरुस्तीस येईल तिचा रिसीव्हर मोडीत काढावा. या निर्णयामागे धातुशास्त्रापेक्षा हिशेबाचा विचार अधिक दिसतो. १९१७ ते १९२९ या काळात फुटल्याची नोंद झालेल्या रिसीव्हरांची संख्या ६८ आहे. मृत्यू एकही नाही. त्यांतील काही प्रकरणी नळीत अडथळा होता, तर काहींत जर्मन ८ मिलिमीटरचे काडतूस चुकून वापरले गेले होते. हे सर्वच अपघात भट्टीच्या नावावर मांडणे न्याय्य नव्हे. परंतु दुरुस्तीस आलेली रायफल धोक्याची आणि न आलेली वापरण्याजोगी, हा भेद पोलादाला ठाऊक नव्हता.

पुढे अनेक रायफलींच्या रिसीव्हरला डाव्या बाजूने वायू निसटण्यासाठी छिद्र पाडण्यात आले. हा उपाय उपयुक्त खरा. तथापि त्याने दाबाला वाट मिळते, ठिसूळपणा जात नाही. अमेरिकन सरकारी रायफलींची विक्री करणारी नागरी नेमबाजी संस्थाही कमी क्रमांकाची रायफल न झाडण्याचाच सल्ला देते.

म्हणून मालकापुढे खरी दुरुस्ती एकच उरते, ती म्हणजे रिसीव्हरच बदलणे. आणि येथेच पेच आहे. अनुक्रमांक असतो तो रिसीव्हरवर. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रविषयक कायद्यानुसारही बंदूक म्हणून गणला जातो तो रिसीव्हरच. नळी, दस्ता, बोल्ट बदलले तरी आजोबांची रायफल आजोबांचीच राहते. रिसीव्हर बदलला की कायद्याच्या दृष्टीने ती दुसरीच रायफल होते. शिवाय मूळ रिसीव्हर पुन्हा तापविला वा भोसकला, तर १९१८ पूर्वीच्या भट्टीचा त्याच्यातील पुरावाही नष्ट होतो. यामुळे रायफल तशीच ठेवून ती कधीही न झाडणे हा पर्याय संग्राहक पत्करतात, आणि ज्याला शिकार करावयाची आहे तो १९१८ नंतरच्या क्रमांकाची रायफल शोधतो.