कुंडीतील ऑर्किड : दारव्हा परिसरातील निवड व निगा

ऑर्किड (आमरी) : एकदलिकित वनस्पतींच्या ऑर्किडेसी कुलातील वनस्पती. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या 2019 मधील सूचीत देशातील 1,256 जातींची नोंद असून त्यांपैकी 757 जाती झाडांवर वाढणाऱ्या, म्हणजे अपिवनस्पती आहेत. महाराष्ट्रात सुमारे 130 जाती आढळतात. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ (1966) हा या भागातील आमरींवरचा महत्त्वाचा ग्रंथ होय. घरात कुंडीत लावली जाणारी बहुतेक ऑर्किडे अपिवनस्पती असून त्यांची निगा मातीतल्या झाडांपेक्षा सर्वस्वी वेगळी असते.

स्थानिक हवामान : दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. येथे मे महिन्यात पारा 42 ते 45 अंश सेल्सिअसवर जातो आणि दुपारची आर्द्रता 20–25 टक्क्यांपर्यंत उतरते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तर डिसेंबर-जानेवारीतील रात्री 10–12 अंशांपर्यंत थंड होतात. एकाच वर्षात कोरडी भट्टी, सततची ओल आणि थंडी असे तीन ऋतू ऑर्किडला सोसावे लागतात. म्हणून येथे रोप निवडताना फुलाच्या रंगाआधी ते उन्हाळा काढू शकेल का, हे पाहावे.

मुळांची रचना : अपिवनस्पती ऑर्किडांच्या मुळांवर वेलामेन नावाचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी चटकन शोषते आणि नंतर वाळते. कोरडे मूळ रुपेरी-पांढरे दिसते. पाणी पडताच ते काही क्षणांत हिरवे होते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळ्या मातीत लावलेले ऑर्किड गुदमरून कुजते. घरातली ऑर्किडे पाण्याअभावी मरतात त्याहून जास्त संख्येने अतिपाण्याने मरतात.

निवड : (1) डेंड्रोबियमचे थाई संकर, उदा. ‘सोनिया’, नवशिक्याने आधी घ्यावेत. यांची जाड दांड्यांसारखी खोडे पाणी साठवतात. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी 50 टक्के सावलीची शेडनेट मिळाल्यास ते अंगणात तग धरतात. (2) वांडा उष्णता चांगली सोसते, पण हवेत ओलावा मागते. ती माध्यमाविना लाकडी जाळीच्या टोपलीत टांगतात. उन्हाळ्यात तिची मुळे रोज सकाळी हिरवी होईपर्यंत भिजवावी लागतात. (3) फॅलेनॉप्सिस हे दुकानात सर्वाधिक दिसणारे, पतंगाच्या आकाराच्या फुलांचे ऑर्किड घरातच ठेवावे. त्याला थेट ऊन नको. पूर्वेच्या खिडकीचा उजेड पुरतो. (4) सिंबिडियमला फुलण्यासाठी दीर्घकाळ थंड रात्री लागतात. येथे ते टाळावे.

रोप घेताना फुलांपेक्षा मुळे आणि पाने तपासावीत. मुळे टणक हवीत. दाबल्यावर पोकळ लागणारे मूळ मेलेले असते. पाने ताठ आणि साध्या हिरव्या रंगाची असावीत. अतिगडद पाने कमी उजेडाची खूण समजावी. शेंड्याजवळ काही कळ्या मिटलेल्या असतील तर फुले जास्त दिवस टिकतात. बाहेरगावाहून कुरिअरने रोप मागवायचे झाल्यास एप्रिल-मे टाळून पावसाळ्याच्या अखेरीस किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला मागवावे.

कुंडी व माध्यम : बाजूलाही छिद्रे असलेली मातीची कुंडी उत्तम. फॅलेनॉप्सिससाठी पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी सोयीची, कारण मुळांचा रंग बाहेरून दिसतो. भरण्यासाठी लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि भिजवून धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरावेत. उन्हाळ्यात सोडणाचे प्रमाण वाढवले तर ओल टिकते. पावसात बाहेर राहणाऱ्या कुंडीत कोळसा-विटा जास्त असाव्यात. विकतच्या रोपाच्या मुळांमध्ये अनेकदा शेवाळाचा घट्ट गोळा असतो. तो पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओला राहतो, म्हणून फुले संपल्यावर काढून टाकावा. दर दोन वर्षांनी, फुलोरा झाल्यावर नवी मुळे फुटू लागतात तेव्हा कुंडी बदलावी.

पाणी : पाणी सकाळी द्यावे आणि ते कुंडीतून पूर्ण निथळू द्यावे, खाली बशी ठेवल्यास तीत पाणी साचू देऊ नये. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मध्यभागी साचलेले पाणी टिपून घ्यावे, नाहीतर शेंडा कुजतो आणि रोप सहसा वाचत नाही. विदर्भातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्याने कुंडीच्या काठावर पांढरे क्षार जमतात आणि पानांची टोके जळतात. छतावरचे पावसाचे पाणी झाकलेल्या टाकीत साठवावे. आरओचे शुद्ध पाणी चालते; यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र कधीही घालू नये.

उन्हाळ्यातील निगा : वैदर्भीय घरातला कूलर येथे ऑर्किडचा मोठा आधार आहे. हवा कोरडी असल्याने बाष्पीभवनाने खोली बरीच थंड होते आणि आर्द्रताही वाढते. फॅलेनॉप्सिसला नेमके हेच हवे असते. कुंडी कूलरच्या खोलीत, पण झोताच्या वाटेबाहेर ठेवावी. थेट झोताने कळ्या गळतात. अंगणातील कुंड्या भिंतीपासून दूर, दाट झाडाखाली किंवा शेडनेटखाली एकत्र ठेवाव्यात आणि खालची जमीन दिवसातून दोनदा ओली करावी. भर दुपारी तापलेल्या पानांवर पाणी मारू नये.

खत : वाढीच्या काळात कृषी सेवा केंद्रात मिळणारे 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे. कपाशीच्या फवारणीची मात्रा येथे वापरू नये. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने माध्यम धुऊन काढावे. कडक उन्हाळ्यात आणि थंडीत खत कमी करावे.

फुलणे : फॅलेनॉप्सिसला फुलदांडा येण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो. नोव्हेंबरच्या रात्री तो मिळतो. रात्रीचा पारा 15 अंशांखाली जाऊ लागला की कुंडी आत घ्यावी. फुले गळाल्यावर दांडा हिरवा असेल तर तळापासून दुसऱ्या पेराच्या वर कापावा. तेथून पुन्हा फुटवा येऊ शकतो. डेंड्रोबियमची जुनी, पाने गळालेली खोडे कापू नयेत. ती नव्या फुटव्यांना अन्न पुरवतात आणि त्यांवर फुलेही येतात.

रोग व किडी : पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि उन्हाळ्यात लाल कोळी त्रास देतात. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा. पुढे निंबोळी तेलाची सौम्य फवारणी संध्याकाळी करावी. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी मुळे रात्रीतून खातात, म्हणून कुंड्या टांगाव्यात. पानावर काळा, पाणचट डाग दिसताच तो भाग निर्जंतुक ब्लेडने कापून जखमेवर दालचिनीची पूड लावावी. मुळांना मात्र ती लागू देऊ नये.

अभिवृद्धी व संवर्धन : ऑर्किडच्या एका फळात लाखो धुळीएवढ्या बिया असतात. त्यांत अन्नसाठा जवळजवळ नसल्याने निसर्गात त्या विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजतात. 1922 मध्ये लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीविना बी रुजवण्याची पद्धत मांडली. पुढे ऊतिसंवर्धन आले आणि लाखो रोपे प्रयोगशाळेत तयार होऊ लागली. सिक्कीममधील पाक्योंग येथे 1996 पासून राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र कार्यरत आहे. रानातील झाडे ओरबाडण्याचे कोणतेही कारण आता उरलेले नाही.

विदर्भातील पानझडी जंगलांत रास्ना (वांडा टेसेलाटा) आढळते. तिच्या पिवळसर-तपकिरी पाकळ्यांवर जाळीदार नक्षी असते आणि ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी असते. औषधासाठीही ती काढली जाते. राखीव वनातून ती परवानगीविना आणणे गुन्हा आहे; शिवाय आधाराच्या सालीवरून उपटताना मुळे तुटतात आणि असे रोप कुंडीत क्वचितच जगते. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या परिशिष्टांत संपूर्ण ऑर्किड कुलाचा समावेश आहे. रोपवाटिकेत वाढवलेले रोपच विकत घ्यावे आणि रास्ना तिच्या झाडावरच राहू द्यावी. दारव्ह्याचा उन्हाळा ती कोणाच्याही निगेविना काढते.