नर्सच्या नोंदीला कोड कशाला लागतो?

२०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. असा आकडा दवाखान्यांच्या नोंदींतूनच का काढता येत नाही?

एक नर्स ‘पिशवी काढली’ लिहिते, दुसरी ‘हिस्टरेक्टॉमी’. कॉम्प्युटरसाठी या दोन वेगळ्या गोष्टी. स्नोमेड सीटी या जागतिक शब्दसूचीत दोन्हींना एकच कोड आहे: २३६८८६००२. रुग्णाने सांगितलेल्या ० ते १० वेदनागुणांसाठी लॉइंक या सूचीचा ७२५१४-३. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा गुण याच कोडखाली नोंदला, तर आराम पडला का हे ताडता येतं.

भारतात स्नोमेड सीटी मोफत आहे. ते पुण्याच्या सी-डॅककडून मिळतं. पण नोंदीत नुसतं ‘ऑपरेशन झालं’ असेल, तर कसलं, हे आधी विचारावंच लागतं.