बांध, तराजू आणि गोएल : ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील शहाणपणाचा इतिहास

इ. स. १८८८ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे वॉलिस बज यांनी ईजिप्तमधील थीब्ज येथून काही पपायरसच्या गुंडाळ्या मिळवल्या. त्यांतील एकीत आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या धाकट्या मुलासाठी रचलेला उपदेश होता. धान्याची मोजदाद करणे, शेतांच्या हद्दी ठरवणे, जमिनींच्या नोंदी राखणे ही त्याची कामे. मराठी गावगाड्यात ज्याला कुळकर्ण्याचे काम म्हणत, त्याच्याशी बरेचसे मिळतेजुळते. हा मजकूर प्रसिद्ध व्हायला १९२३ साल उजाडले. पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने दाखवून दिले, की या उपदेशाचे बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या एका भागाशी अत्यंत निकटचे नाते आहे. बाविसाव्या अध्यायाच्या मध्यापासून पुढे येणारी अनेक वचने आमेनेमोपेच्या वचनांच्या पावलावर पाऊल टाकून चालतात. हिब्रू संहितेतील एक शब्द शतकानुशतके दुर्बोध राहिला होता. ईजिप्शियन उपदेशाचे तीस अध्याय समोर आल्यावर तो शब्द ‘तीस’ असा वाचावा, असे बहुसंख्य अभ्यासकांना वाटू लागले.

ज्या ग्रंथाला ज्यू आणि ख्रिस्ती परंपरा ईश्वरप्रेरित मानतात, त्यात शेजारच्या मूर्तिपूजक देशातील कारकुनाचा उपदेश मिसळलेला असावा, हे अनेकांना त्या काळी धक्कादायक वाटले. तथापि खुद्द ग्रंथाने आपली ऋणे कधी लपवलेली नाहीत. तिसाव्या अध्यायाच्या आरंभी आगूर नावाच्या पुरुषाचे नाव येते, एकतिसाव्याच्या आरंभी लमुएल राजाचे. हे दोघेही इस्राएलचे नसावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. मधल्या एका भागाला तर केवळ ‘ज्ञान्यांची वचने’ एवढाच मथळा आहे. शहाणपण कोठूनही यावे, ते पारखून घ्यावे आणि आपल्या घरात रुजवावे, हीच या ग्रंथाची घडण आहे. म्हणूनच काय घेतले यापेक्षा घेताना काय बदलले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

‘नीतिसूत्रे’ हा एका हाताने लिहिलेला ग्रंथ नाही. त्याचे एकतीस अध्याय म्हणजे निदान सहा-सात संग्रहांची मोट आहे. परंपरेने त्याचे कर्तृत्व शलमोन राजाला दिले. दहाव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या मुख्य संग्रहात ३७५ वचने आहेत, आणि हिब्रू अक्षरांच्या संख्यामूल्यांनुसार शलमोनाच्या नावाची बेरीजही ३७५ च येते. संग्राहकांनी ही जुळणी हेतुपुरस्सर केली असावी. पंचविसाव्या अध्यायाच्या मथळ्यात यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी ही वचने उतरून घेतली, अशी स्पष्ट नोंद आहे. हिज्कीयाचा काळ इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या अखेरीचा. उत्तरेकडील इस्राएलचे राज्य इ. स. पू. ७२२ च्या सुमारास असिरियाने बुडवले होते आणि तेथील निर्वासितांचे लोंढे यरुशलेमेत येत होते. राज्य बुडाल्यावर त्याची माणसे आपल्यासोबत जे आणू शकली, त्यात त्यांच्या तोंडची वचनेही असणार. ती लिहून ठेवण्याची निकड राजदरबारास त्यामुळेच भासली असावी, असा तर्क काही इतिहासकार करतात. आरंभीचे नऊ अध्याय मात्र अनेकांच्या मते पुष्कळ नंतरचे, बाबिलोनी बंदिवासानंतरचे आहेत.

या ग्रंथाच्या केंद्रस्थानी असलेला शब्द ‘होखमा’. त्याचे भाषांतर ‘ज्ञान’ असे होते. पण ज्ञान म्हटल्यावर मराठी मनात उभे राहणारे तत्त्वचिंतन त्यात फारसे नाही. बायबलमध्ये हाच शब्द निवासमंडपासाठी सोने, लाकूड आणि वस्त्र घडवणाऱ्या कारागिरांच्या कसबाला वापरला आहे. म्हणजे होखमा हे जगण्याचे कसब आहे. त्याच्या जोडीला उभा असलेला दुसरा शब्द ‘हेसेद’. दया, निष्ठा, वचनबद्ध प्रेम अशा अनेक छटा त्यात एकवटल्या आहेत. भावनेच्या भरात उमटणारे प्रेम म्हणजे हेसेद नव्हे. ज्याच्याशी नाते जडले आहे त्याला अडचणीच्या वेळी न सोडणे, हा त्याचा गाभा. होखमा आणि हेसेद यांची सांगड कशी घातली गेली, हे पाहायचे तर शेताच्या बांधावर जावे लागते.

आमेनेमोपे आपल्या मुलाला बजावतो, की शेताच्या हद्दीचा दगड हलवू नये आणि विधवेच्या जमिनीत घुसू नये. असे करणारा चंद्रदेवाच्या सामर्थ्याच्या तावडीत सापडतो. ‘नीतिसूत्रे’च्या तेविसाव्या अध्यायात हीच सूचना येते. तेथे विधवेच्या जागी अनाथ मूल आले आहे. परंतु खरा बदल पुढे आहे. चंद्रदेवाऐवजी तेथे ‘गोएल’ उभा आहे, आणि तो बलवान आहे असे सांगितले आहे.

गोएल ही इस्राएलच्या भाऊबंदकीतील एक नेमकी संस्था होती. दारिद्र्यामुळे कोणी वडिलार्जित जमीन विकली, तर ती सोडवून परत कुळात आणण्याचे कर्तव्य ज्या जवळच्या नातलगाकडे असे, तो गोएल. रूथच्या कथेतील बवाज हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. अनाथाची अडचण हीच, की त्याला असा गोएल नसतो. म्हणूनच बांध कोरणाऱ्याला त्याच्या शेतात हात घालण्याचे धाडस होते. वचनाचा रोख असा, की ज्याला कोणी नाही त्याचा भाऊबंद स्वतः परमेश्वर आहे. ईजिप्तमध्ये जी अपराधाची शिक्षा होती, ती येथे नात्याची जबाबदारी झाली. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे लढणाऱ्या कोणत्याही शेतकरी समाजाला या बदलाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बांधाप्रमाणेच तराजूचेही. हिब्रू भाषेत वजनाला ‘दगड’ असाच शब्द आहे; दोन प्रकारचे दगड बाळगणारा व्यापारी म्हणजे घेताना जड आणि देताना हलके वजन वापरणारा. यहूदाच्या प्राचीन स्थळांच्या उत्खननांत घुमटाच्या आकाराची दगडी वजने मोठ्या संख्येने सापडली आहेत. शेकेल या मूळ वजनाचे मान त्यांवरून सुमारे ११.३ ग्रॅम ठरते. राज्याने प्रमाणित केलेली वजने प्रचारात असतानाही खोट्या तराजूविरुद्धचा इशारा या ग्रंथात पुनःपुन्हा येतो. प्रमाण ठरले म्हणून प्रामाणिकपणा येत नाही, हे त्याचे कारण. शेजाऱ्यावरील प्रेमाची पहिली कसोटी देवळात लागत नाही. ती बाजारात, शेजाऱ्याची नजर काट्यावर नसताना लागते.

शहाणपण आणि प्रेम यांच्यात खरा ताण पडतो तो जामिनाच्या प्रश्नावर. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, असे हा ग्रंथ किमान चार ठिकाणी कठोरपणे सांगतो; राहिल्यास अंगाखालचे अंथरूणही जाईल, अशी भीती घालतो. वरवर पाहता हा कृपणपणा वाटेल. परंतु याच ग्रंथात असेही म्हटले आहे, की गरिबावर दया करणारा परमेश्वरालाच उसने देतो. शेजाऱ्याला देण्याजोगे जवळ असताना त्याला उद्या ये असे सांगून परत पाठवू नये, हेही येथेच सांगितले आहे. या वचनांना एकत्र ठेवले की भेद स्पष्ट होतो. जे आपल्यापाशी आहे ते विलंब न लावता द्यावे. जे आपल्यापाशी नाही, ते देण्याचे वचन देऊन स्वतःच्या मुलाबाळांना गहाण टाकू नये. दानाला येथे मर्यादा नाही, बढाईला आहे. कर्जापायी माणसे गुलाम होत असत अशा समाजात हा भेद समजणे म्हणजे एखादे कुटुंब वाचणे होते.

वैऱ्याबाबतची वचने याहून पुढे जातात. शत्रू पडला असता आनंद मानू नये, तो भुकेला असल्यास त्याला जेवू घालावे, असा आदेश येथे आहे. पहिले वचन शमुएल हाकाटान या ज्यू आचार्याने आपल्या शिकवणीचे सार म्हणून स्वीकारले, तर दुसरे पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात उद्धृत केले. द्वेष भांडणे उकरून काढतो आणि प्रेम अपराधांवर पांघरूण घालते, या आशयाचे वचन पेत्राच्या पहिल्या पत्रात उतरले. येथे पांघरूण घालणे याचा अर्थ अन्याय दडपणे असा घेता येत नाही. न्यायालयात मूक असलेल्यांसाठी तोंड उघडावे, अशी आज्ञा याच ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायात आहे. दुसऱ्याची चूक चघळत न बसणे, मित्राचे उणे चव्हाट्यावर न मांडणे, एवढाच त्या पांघरुणाचा विस्तार.

ग्रंथाच्या मर्यादाही इतिहासाच्या ओघात स्पष्ट झाल्या आहेत. मुलाला वळण लावण्यासाठी छडी वापरण्याचा उपदेश त्यात आहे. हा उपदेश त्या काळच्या सर्वच पश्चिम आशियाई शिक्षणपरंपरेत आढळतो. नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावर सापडलेल्या, इ. स. पू. पाचव्या शतकातील अहिकाराच्या अरामी हस्तलिखितातही तो आहे. आजचा वाचक तो स्वीकारू शकत नाही, आणि स्वीकारूही नये. सज्जनाचे भले आणि दुर्जनाचे वाटोळे होते, हे ठाम समीकरणही अनुभवाला सर्वस्वी उतरत नाही. त्यावरील सर्वांत तीव्र आक्षेप बायबलमध्येच, ईयोबाच्या आणि उपदेशकाच्या ग्रंथांत नोंदले आहेत. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नये आणि द्यावे, अशी परस्परविरोधी वचने तर पाठोपाठ ठेवली आहेत. अशा विसंगतींमुळे हा ग्रंथ बाजूला काढावा, असा विचार काही ज्यू पंडितांनी केल्याची नोंद तालमूदमध्ये आहे. अखेर त्यांनी दोन्ही वचने राखली. प्रसंग ओळखणे हेच शहाणपण, असा त्यांच्या निर्णयाचा अर्थ आहे. मराठीतही घाई करू नये आणि वेळ दवडू नये असे सांगणाऱ्या म्हणी एकाच आजीच्या तोंडी असतात. कोणती म्हण केव्हा काढायची, हे तिला कळते.

ग्रंथाचा शेवट एका आईपाशी होतो. लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला उपदेश एकतिसाव्या अध्यायात आहे. त्यापाठोपाठ हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमशः सुरू होणाऱ्या बावीस कडव्यांत कर्तबगार गृहिणीचे वर्णन येते. लोकर आणि जवस विणणारी, शेत पारखून विकत घेणारी, गरिबांपुढे हात पसरून देणारी ही स्त्री. अनेक ज्यू घरांत शब्बाथाच्या संध्याकाळी हे वर्णन आजही गायिले जाते. तिच्या जिभेवर हेसेदची शिकवण आहे, असे तेथे म्हटले आहे. त्याच ओळीत तिच्या मुखी होखमा असल्याचेही सांगितले आहे. दोन्ही शब्द एका स्त्रीच्या बोलण्यात एकत्र येतात, आणि राजदरबारात आरंभलेला ग्रंथ घराच्या उंबरठ्यावर संपतो.

मराठीत हा ग्रंथ मुख्यतः ख्रिस्ती भाषांतरकारांच्या वाटेने आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी बायबलचे काम हाती घेतले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने ते चालू ठेवले. कोकणातील बेने इस्राएल समाज शब्बाथ पाळत होता, पण हिब्रू भाषा बहुतांशी विसरला होता; त्याच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. या सर्व प्रयत्नांत पंडिता रमाबाईंचे भाषांतर वेगळे उठून दिसते. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. स्त्रीला संस्कृत शिकवणे हाच ज्या काळी अपराध मानला जाई, त्या काळी. तीच मुलगी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणू लागली. सामान्य स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीचा त्यांचा आग्रह होता. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. १९२४ मध्ये भाषांतर प्रसिद्ध झाले.

त्याची छपाई केडगाव येथील मुक्ती मिशनच्या छापखान्यात झाली. १८९६-९७ च्या आणि नंतरच्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुली आणि विधवा त्या संस्थेत आश्रयाला होत्या, आणि छापखान्याचे कामही तेथील स्त्रियाच करत. अनाथाच्या शेताचा बांध कोरू नये, कारण त्याचा गोएल बलवान आहे, हे वचन थीब्जच्या एका नोंदणी-अधिकाऱ्यापासून निघून यरुशलेममार्गे केडगावला पोचले, तेव्हा त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांना त्याचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागला नसेल.