न्यूझीलंडचा फवारा आणि ११७ मृत्यू

१९७६ साली न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल हा दम्याचा नवा फवारा आला. त्याच सुमारास दम्याचे मृत्यू झपाट्याने वाढले. वेलिंग्टनच्या संशोधकांनी १९८१ ते ८३ मधील ११७ मृतांच्या नोंदी दम्याच्याच ४६८ रुग्णांशी ताडून पाहिल्या. फवारा घेणाऱ्यांत मृत्यू अधिक!

आक्षेप आला: हे औषध मुळात अधिक आजारी माणसांनाच दिले जाते. आक्षेप रास्तच होता. म्हणून केवळ तीव्र दम्याचे रुग्ण वेगळे काढले. धोका मावळायला हवा होता. तो उलट वाढला.

१९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध छापला, औषधावर निर्बंध आले, मृत्यू वेगाने घटले.

तीव्र दम्याचा आंतरराष्ट्रीय नोंदपट २०१७ मध्ये सुरू झाला. त्यात जिवंत रुग्णांची नोंद राहते. वेलिंग्टनमध्ये शोधाला आरंभ मृतांपासून करावा लागला होता.