मऊ चपलेची कुळकथा



परवा एका भाचीचा फोन आला. तिच्या सासूबाईंना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली. तळपायाला मुंग्या येतात, कधीकधी तर चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आणि त्यासाठी ‘एमसीआर’ची चप्पल लिहून दिली. जाड, काळा, मऊ तळ, मागे पट्टा, दिसायला अगदीच साधी. सासूबाईंनी ती पाहिली आणि बाजूला सारली. “ही महारोग्यांची चप्पल. मी नाही घालायची!” भाची म्हणाली, “मामा, तुम्ही तरी काही सांगा त्यांना. नाहीतर रोज घालायला दुसरे कुठले आरामशीर बूट चांगले, ते सुचवा.”

आता मी डॉक्टर नाही आणि चपलांचा दुकानदारही नाही. जन्मभर मुलांना इतिहास आणि मराठी शिकवले. पण इतिहासाचा मास्तर म्हणून सांगतो, सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. ती चप्पल महारोग्यांसाठीच जन्माला आली. (आता आपण कुष्ठरोग म्हणतो आणि तेच योग्य आहे, पण आमच्या लहानपणी सगळे महारोगच म्हणत.) आणि त्यांच्यासाठी जन्माला आली म्हणूनच ती आज मधुमेह्यांच्या कामाची आहे. ते कसे, ते सांगतो. थोडे लांबण लागेल, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

तसे पाहिले तर पादत्राणांच्या इतिहासात पायाचा विचार फार कमी झालेला दिसतो. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकात बरेचसे बूट डावा-उजवा असा फरक न करता एकाच साच्यावर बेतत. हा फरक पुन्हा रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. म्हणजे वाफेचे इंजिन आधी आले आणि डावा-उजवा बूट मागाहून! थाटमाट, फॅशन, सैन्याची सोय, सगळ्यांचा विचार झाला, पाय बिचारा बुटाप्रमाणे वळत राहिला. चालताना तळपायावर नेमके काय घडते याचा बारकाईने अभ्यास झाला तो आपल्या देशात, तमिळनाडूतल्या वेल्लोरला, आणि ज्यांच्या पायांना काहीच जाणवत नव्हते अशा माणसांच्या पायांवर.

पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालचा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावरचा. आईवडील इंग्रज मिशनरी. मुलाला शिकायला इंग्लंडला पाठवले आणि १९२९ साली वडील इकडे तापाने गेले. पॉलने आधी बांधकामाचे काम शिकून घेतले, सुतारकी, गवंडीकाम सगळे, आणि मग तो वैद्यकीकडे वळला. मला वाटते पुढच्या सगळ्या कामात त्यांच्यातला हा कारागीर दिसतो. १९४६ साली ते सर्जन म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्या वर्षी रॉबर्ट कॉक्रेन नावाच्या कुष्ठरोगतज्ज्ञांनी त्यांना चेंगलपट्टूच्या कुष्ठरुग्णालयात नेले. तिथे आकड्यासारखी वळलेली बोटे आणि झिजून आखूड झालेले पाय पाहून ब्रँड यांनी विचारले, यावर अस्थिव्यंगाच्या शल्यतज्ज्ञांनी काय केले आहे? उत्तर मिळाले, काही नाही. कारण या रोग्यांचे मांसच खराब असते, ते गळून पडते, त्यावर शस्त्रक्रिया करून काय उपयोग, असा डॉक्टरांचाही समज होता.

हा समज मोडला एका पोरामुळे. कोठाराचे गंजलेले कुलूप ब्रँड यांच्याने उघडेना. एक किडकिडीत मुलगा, तिथलाच रुग्ण, पुढे झाला आणि त्याने किल्ली फिरवली. कुलूप उघडले. पण खाली रक्ताचे थेंब! किल्लीने त्याचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ताच नव्हता. ब्रँड यांच्या डोक्यात प्रकाश पडला. रोग बोटे खात नाही. रोग फक्त वेदना नेतो. बोटे जातात ती रोजच्या वापरात होणाऱ्या जखमांनी, ज्या कुणाला दुखत नाहीत म्हणून कुणी जपत नाही. मग त्यांनी एकेक जखमेचा पाठपुरावा सुरू केला. रात्रीत बोटांचे तुकडे नाहीसे होत, त्याचा उलगडा पहारा ठेवल्यावर झाला. उंदीर कुरतडत होते. उपाय काय, तर रुग्णांना मांजरे दिली!

हातांवर शस्त्रक्रिया झाल्या, वळलेली बोटे सरळ झाली. पायाचे मात्र तसे नव्हते. तळव्याला, विशेषतः बोटांच्या मुळाशी, खोल व्रण पडत. प्लास्टरमध्ये पाय ठेवला की काही आठवड्यांत व्रण भरून येई. म्हणजे मांस खराब नव्हतेच, तुमच्या-आमच्यासारखेच भरून येत होते. पण माणूस घरी गेला, चालू लागला, की पुन्हा तिथेच व्रण. शेवटी पाय कापायची वेळ.

ब्रँड यांनी या दुखापतींचे प्रकार वेगळे केले. काच किंवा खिळा घुसला तर ते कुणालाही दिसते. दुसरा प्रकार घट्ट बुटाचा. दाब थोडा, पण तासन्‌तास, त्यामुळे तेवढ्या जागेचे रक्त अडते. या दोन्हींपेक्षा कपटी असा तिसरा प्रकार म्हणजे साधे चालणे. एका पावलाने काहीच होत नाही. पण त्याच जागी तोच दाब हजारो वेळा पडला की आतली पेशीजाल सुजते, आणि तरीही चालत राहिले की फुटते. मग आपल्याला व्रण का होत नाहीत? आपण दोन-चार मैल चाललो की नकळत पाऊल बदलतो. थोडे बाहेरच्या कडेवर टेकतो, थोडे लंगडतो, जरा बसतो. ती सूचना वेदना देते. ज्याला वेदना नाही तो पहिले पाऊल आणि दहा हजारावे पाऊल अगदी एकसारखे टाकतो.

वेदनेविषयी ब्रँड यांचीच एक हकिकत आहे. अमेरिकेचा दौरा आटोपून ते लंडनला आले होते. रात्री मोजे काढताना लक्षात आले, टाचेला स्पर्शच कळत नाही. टाचणी टोचली, काही नाही. कुष्ठरुग्णांमध्ये इतकी वर्षे वावरलेला माणूस, त्याला काय वाटले असेल! बायकामुलांपासून दूर राहावे लागेल, या विचारात रात्र काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि कळ मस्तकात गेली. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून शीर दबली होती, एवढेच. त्या कळेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले.

तर मग वेदना परत देता येत नाही, निदान दाब तरी वाटून द्यावा, यासाठी चपलेचा शोध सुरू झाला. लाकूड झाले, प्लास्टिक झाले. कडक असेल तर पायाला लागे, फार मऊ असेल तर स्पंजासारखे चार दिवसांत चपटे होई. शेवटी जमले ते मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजेच एमसीआर. आत अगदी बारीक बंद बुडबुडे असलेले रबर. दाबले तर दबते, पण सोडले की वर येते. कडकपणा मोजायचे शोअर नावाचे प्रमाण असते, त्यावर या रबराचा आकडा साधारण १५ धरतात. पाऊल त्यात थोडे रुतते, त्यामुळे भार दोन-तीन ठिकाणी न पडता सगळ्या तळव्यावर पसरतो. त्याखाली टणक तळ, काटा आत येऊ नये म्हणून. खिळे अजिबात नाहीत, सगळे चिकटवलेले आणि शिवलेले. अंगठ्यात धरायची पट्टी नाही, कारण बधिर बोटे चप्पल धरू शकत नाहीत, म्हणून मागे पट्टा. पाहा, भाचीच्या सासूबाईंनी नाक मुरडले त्या प्रत्येक गोष्टीला असे कारण आहे. वेल्लोरजवळ करिगिरीला १९५५ साली कुष्ठरोग संशोधनाची संस्था सुरू झाली. तिथे अशी पादत्राणे करणारे कारागीर तयार होऊ लागले.

या चपलेने कित्येकांचे पाय वाचवले. पण चप्पल म्हणजे ओळखपत्रच झाली. काळा जाड तळ दिसला की लोक दूर सरकत. त्यामुळे रुग्ण ती घालायला कां-कूं करू लागले आणि मग कारागिरांना ती चारचौघांच्या चपलेसारखी दिसेल अशी बनवावी लागली. सासूबाईंना मी हसत नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आपल्याकडे २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत होते. ज्या पिढीने गावकुसाबाहेर काढलेली माणसे पाहिली, तिच्या मनातून हे एका फोनने थोडेच जाणार? आपल्या महाराष्ट्रात मनोहर दिवाणांनी दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात, बाबा आमट्यांनी आनंदवनात काम केले ते बहुतेकांना ठाऊक असते. मुंबईच्या डॉ. नोशीर अँटिया यांचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही. जे. जे. रुग्णालयात १९५८ साली त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग सुरू केला आणि कुष्ठरुग्णांना इतर रुग्णांबरोबर तिथेच उपचार दिले. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट!

ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि इथे कथेला वळण लागते. तिथे कुष्ठरुग्ण थोडे, पण मधुमेही पुष्कळ. त्यांच्याही पायांची जाणीव जाते, तसेच व्रण, तसेच पाय कापणे. तेव्हा डॉक्टर याचा सगळा दोष मधुमेहाने बिघडलेल्या रक्तपुरवठ्याला देत. ब्रँड यांनी वेल्लोरचा अनुभव पुढे ठेवला. पायाला सर्वत्र घट्ट बसणारे प्लास्टर त्यांनी मधुमेह्यांना घातले आणि व्रण भरून येऊ लागले. आज मधुमेहाचे डॉक्टर तळपायाला नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवून “कळतंय का?” विचारतात ना, त्या १० ग्रॅम दाबाच्या तंतूची मर्यादाही कारव्हिलच्याच संशोधकांनी १९८६ साली ठरवली. इकडे चेन्नईच्या डॉक्टरांनी २००४ साली मधुमेह्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी व्रण होऊन गेलेल्यांपैकी ज्यांनी खास मऊ तळाची पादत्राणे वापरली, त्यांना नवे व्रण खूपच कमी झाले होते. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात मधुमेही आहेत १० कोटींवर. म्हणजे मूठभर वाळीत टाकलेल्या माणसांसाठी केलेली चप्पल आता घराघरात लागणार आहे.

राहिला भाचीचा प्रश्न. ज्यांच्या पायांना सगळे जाणवते त्यांनी खुशाल चांगले चालायचे बूट घ्यावेत. पुढे बोटांना जागा हवी, टाच घट्ट धरलेली हवी, आणि खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. किंमत जास्त म्हणजे बूट चांगला, असे मला तरी वाटत नाही. पण ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांनी “घालून पाहिला, बरा वाटला” यावर मुळीच जाऊ नये. बधिर पायाला घट्ट बूटच बरा वाटतो, कारण तो जाणवतो! त्यांनी पाय मापून घ्यावा, दोन्ही पाय, आणि कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढून ती तळाशी ताडून पाहावी. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घालावी आणि मग तळवा आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्यावा, लाल डाग दिसतो का ते. तळ दबून चपटा झाला की पट्टे चांगले असले तरी चप्पल बदलावी. आणि रोज पाय घालण्याआधी आत हात फिरवून खडा, बी, सुटलेला दोरा काही आहे का ते पाहावे.